ठासणीची रायफल: दारूचं नेमकं माप रेंजवर कसं ठरवायचं?

धूरलोट
नमस्कार मंडळी. गेले काही महिने ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायच्या रायफलने नेमबाजी शिकतोय. रायफल .५० कॅलिबरची (नळी अर्ध्या इंचाची), केपेवर (छोट्या स्फोटक टोपीवर) उडणारी, नळीतल्या खाचांचा ४८ इंचांत एक पीळ. गोळी .४९० इंचाची, शिशाची, गोल. पॅच, म्हणजे गोळीभोवती गुंडाळायचं कापड, .०१५ इंच जाडीचा. दारू काळी, दोन एफ म्हणजे मध्यम दाण्याची.

दोन रविवारांपूर्वी ५० यार्डांवर बाकावर बसून मापं तपासली. दारूच्या ५० ग्रेनपासून (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) ९० पर्यंत दहा-दहाने चढत गेलो आणि प्रत्येक मापाच्या तीन गोळ्या मारल्या. ६० ला दोन इंचांचा गट (सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर) आला, ८० ला अडीच, ९० ला साडेतीन. पण ७० ला तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली, इंचाच्या आत! वाटलं, सापडलं माप. गेल्या रविवारी तेच ७० ग्रेन, तीच गोळी, तोच बाक. पाच गोळ्या मारल्या आणि गट निघाला चार इंचांचा.

मी काहीही बदललं नव्हतं. मग चुकलं काय? ७० सोडून द्यावं, की ६५ आणि ७५ करून बघावं? रायफलवर माझा जीव आहे. तिच्याकडून जे निघू शकतं ते मला काढायचंय.

एकच_माशी
दोन बारांच्या मधे नळी पुसत होता का?

सुईदोरा
आणि उडालेले पॅच गोळा केलेत का? केले असतील तर कसे दिसत होते ते लिहा. मापाचं नंतर बघू.

धूरलोट
@एकच_माशी, एका मापाचा गट संपला की पुसत होतो. प्रत्येक बारानंतर नाही. तिसरी गोळी ठासताना जोर लागायचा हे खरं.
@सुईदोरा, पॅच नाही गोळा केले. ते बघायचे असतात हेच माहीत नव्हतं. वंगण मेण आणि चरबीचं, तयार मिळणारं.

जुना_गज
धूरलोट, तुम्ही "काहीही बदललं नाही" म्हणता, पण प्रत्येक बाराला तुमची नळी बदलत होती. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, घनच राहतो. त्यातला बराचसा धुरातून बाहेर जातो आणि उरलेला नळीला चिकटतो. म्हणजे तुमची पहिली गोळी स्वच्छ नळीतून गेली, दुसरी थोड्या काजळीतून, तिसरी त्याहून जास्त काजळीतून. तीन वेगळ्या नळ्यांमधून मारलेल्या गोळ्यांचा तुम्ही एक गट मोजला.

त्यातही ही काजळी हवेतलं पाणी ओढते. कोरड्या दिवशी ती कडक खपलीसारखी असते आणि दमट दिवशी चिखलासारखी. दोन रविवारांची हवा सारखी होती का, हे आठवून बघा.

माझी पद्धत सांगतो. प्रत्येक बारानंतर एक ओलसर पॅच (इथे पुसायचा कापडाचा तुकडा) खाली न्यायचा, वर आणायचा, उलटा करून पुन्हा एकदा न्यायचा. मग एक कोरडा. ओलसर म्हणजे फक्त ओलसर, पाणी निथळता कामा नये. निथळलं तर ते तळाशी, निपलच्या (केप बसते त्या बोंडाच्या) वाटेत जातं आणि पुढचा बार उडत नाही. पुसायचा जॅगही (ठासायच्या गजाच्या टोकाचा तुकडा, ज्यावर पॅच बसतो) अंगाने थोडा बारीक हवा. घट्ट असला तर तो काजळी वर आणायच्या ऐवजी दारूच्या जागेत ढकलून बसवतो.

दुसरं, गजावर खूण करा. दारू घालून गोळी पूर्ण बसली की गज नळीच्या तोंडाशी जिथे येतो तिथे रेघ. प्रत्येक बाराला रेघ तिथेच आली पाहिजे. वर राहिली तर गोळी दारूवर टेकलेली नाही, मधे पोकळी आहे. अशा बाराने नळी फुगते, फाटूही शकते, म्हणून खूण जुळली नाही तर केप लावायचीच नाही. आणि ठासायचा जोर रोज एकसारखा ठेवा. गोळी बसली की हाताचा एक ठाम दाब द्या आणि थांबा. गज आपटत बसलात तर गोळी चपटी होते.

निळी_ज्योत
+१. वाखुसा (वाचनखूण साठवली).

सरासरी
जुना_गज यांचं बरोबर आहे, पण नळी दर वेळी पुसली असती तरी तीन गोळ्यांच्या त्या गटावर माझा विश्वास बसला नसता.

एकच रायफल, एकच माप, काहीही न बदलता तीन-तीन गोळ्यांचे गट मारत गेलात तर एक गट दुसऱ्याच्या दुप्पट सहज निघतो. त्यात रायफलचा दोष नसतो, मोजलेल्या गोळ्याच कमी असतात. शिवाय गोळ्या वाढल्या की गट मोठा होतोच. तीन गोळ्यांचा सरासरी गट एक इंच धरला तर त्याच रायफलचा पाच गोळ्यांचा गट सरासरी सव्वा इंचाच्या थोडा वर जातो, दहाचा एक पूर्णांक सहा इंचांच्या आसपास. म्हणून पहिल्या रविवारच्या तीन आणि दुसऱ्या रविवारच्या पाच गोळ्यांची थेट तुलना करता येत नाही. तुमचा इंचाचा गट नशिबाने आला असणार आणि चारचा कदाचित काजळीने. खरं उत्तर मधे कुठेतरी असेल.

अजून एक. गट मोजताना आपण फक्त सर्वांत दूरची दोन भोकं धरतो आणि बाकीच्या आठांनी दिलेली माहिती फेकून देतो. त्याऐवजी सगळ्या भोकांचा मध्य काढा, प्रत्येक भोकाचं त्या मध्यापासूनचं अंतर मोजा आणि त्याची सरासरी घ्या. थोडी मेहनत आहे, पण दोन मापांमधला फरक या आकड्यात लवकर दिसतो.

रानवाट
सरासरी, इथे मी असहमत. दहा गोळ्यांचा गट कागदावर ठीक आहे. पण ठासणीची रायफल म्हणजे एक बार. दुसरा भरेपर्यंत अर्धं मिनिट तरी जातं. मला पहिली गोळी, थंड आणि स्वच्छ नळीतून, कुठे लागते तेच जाणून घ्यायचं असतं. दहावी कुठे गेली याचा मला काय उपयोग?

सरासरी
रानवाट, मुद्दा मान्य आहे, फक्त त्याचीही चाचणी तुमच्याच अटीवर घ्या. एक कागद राखून ठेवा. रेंजवर गेलात की दिवसाचा पहिला बार त्याच कागदावर, एकच गोळी. मग कागद गुंडाळून घरी. दहा वेळा गेलात की दहा पहिल्या गोळ्यांचा गट तयार. एका दिवशी मारलेल्या तीन गोळ्यांत "पहिली" एकच असते.

रानवाट
हे आवडलं. करून बघतो.

सुईदोरा
आता पॅचकडे या. मी वर्षानुवर्षं कपडे शिवते, त्यामुळे या खेळात मला सगळ्यात आधी कापड समजलं, दारू नंतर.

बार उडाल्यावर पॅच पुढे काही पावलांवर पडतो. रेंज बंद झाली, सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली की जाऊन उचला. चांगला पॅच मधे गोल काळवंडलेला, कडेला दोरे सुटलेले, पण अंगाने धड असतो. इतका धड की वाटतं पुन्हा वापरावा. मधोमध जळून भोक पडलं असेल तर तीन शक्यता: कापड पातळ, वंगण कमी, किंवा या दोन्हीच्या मानाने दारू जास्त. गोळीच्या कडेने, पिळाच्या अंतरावर कापल्यासारखे चिरे असतील तर नळीतल्या पिळांच्या किंवा तोंडाच्या कडा धारदार आहेत. नव्या नळीत असं होतं, वापराने कमी होतं. आणि एका बाजूलाच जळलेला असेल तर गोळी पॅचच्या मधोमध बसलेली नव्हती.

कापड घट्ट विणीचं, शंभर टक्के सुती. उशीच्या खोळीचं जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड किंवा जीनपेक्षा थोडं हलकं ड्रिल. कृत्रिम धागा मिसळलेला असेल तर तो वितळतो, तो नको. नवीन कापडाला खळ असते, म्हणून आधी धुवा, वाळवा, मगच जाडी मोजा. मोजताना कॅलिपर बोटांनी घट्ट दाबा, कारण नळीत ते दबलेलंच असणार आहे. पाकिटावर .०१५ लिहिलेलं कापड दाबल्यावर .०१२ निघालेलं मी पाहिलंय.

तुमचं गणित मांडते. नळी .५००. गोळी .४९०. प्रत्येक बाजूला उरली जागा पाच हजारांश इंच. पॅचने ही जागा तर भरायचीच, शिवाय पिळाच्या खाचांच्या तळापर्यंतही पोचायचं, नाहीतर जळता वायू खाचेतून पुढे निसटतो आणि पॅच पेटवतो. .०१५ चा पॅच खरोखर .०१५ असेल तर बहुधा पुरतो. तो .०१२ असेल तर तुमचे ८० आणि ९० ग्रेनचे गट का फाकले याचं उत्तर तिथेच असू शकतं.

बखर
सुईदोरा, तुमचा प्रतिसाद वाचून राहवत नाही म्हणून थोडं अवांतर.

काजळी आणि घट्टपणा यांच्यातली ही ओढाताण ठासणीच्या रायफलइतकीच जुनी आहे. घट्ट गोळी अचूक जाते, पण काजळीत ठासता येत नाही. सैल गोळी पटकन बसते, पण पीळ पकडत नाही. १८४९ साली फ्रेंच अधिकारी मिनिए यांनी तोडगा काढला: गोळी नळीपेक्षा बारीक ठेवायची, तिचा तळ पोकळ ठेवायचा, बार उडाला की तळ फुगून पीळ पकडतो. ब्रिटिश सैन्याची .५७७ ची १८५३ ची एनफील्ड रायफल याच तत्त्वावरची. तिच्या कागदी काडतुसाला वंगण लागायचं ते काजळी मऊ ठेवण्यासाठी. त्याच चरबीवरून १८५७ ला काय झालं ते आपण सगळे शाळेत शिकलोय, पण मुळात वंगण का हवं होतं हे तिथे कुणी सांगत नाही. धूरलोट यांना तिसरी गोळी ठासताना जो जोर लागला, तेच ते कारण.

आणि ब्रिटिश अभियंता व्हिटवर्थ यांची रायफल! षट्कोनी नळी, .४५१ ची, २० इंचांत एक पीळ. १८५७ साली हाइथच्या (ब्रिटिश सैन्याच्या नेमबाजी शाळेच्या) चाचण्यांत ५०० यार्डांवर एनफील्डचं सरासरी विचलन सव्वादोन फुटांच्या आसपास आलं, व्हिटवर्थचं साडेचार इंचांच्या आसपास. १८६० मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने हीच रायफल उडवून केलं. रायफल यांत्रिक बैठकीवर बसवली होती, राणीने दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून दीड इंचाच्या आत लागली. तरी सैन्याने ती घेतली नाही. महाग होती, आणि काजळी लवकर धरायची.

सरासरी
बखर, हे अवांतर अजिबात नाही. हाइथला मध्यापासूनच्या अंतरांची सरासरी काढत होते. मी वर तेच सुचवलं.

कोरी_पाटी
वाचतोय, शिकतोय. दोन प्रश्न. दारू मापाने घ्यायची की तराजूवर तोलून? आणि आधुनिक बिनधुराची दारू थोडीशी मिसळली तर काजळी कमी होईल ना?

जुना_गज
कोरी_पाटी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. चिमूटभरही नाही, कधीच नाही. बिनधुराच्या दारूचा दाब काळ्या दारूपेक्षा कितीतरी पटींनी चढतो आणि ठासणीच्या रायफली काळ्या दारूसाठी बनवलेल्या असतात. नळी फुटते, बोटं जातात, डोळे जातात. बनवणाऱ्याने पुस्तिकेत जी दारू आणि जे कमाल माप दिलंय त्याच्या पलीकडे जायचं नाही. नळीवर काय कोरलंय ते वाचा.

आता पहिला प्रश्न. काळी दारू परंपरेने आकारमानाने मोजतात, पितळी मापात. ते माप काळ्या दारूच्या वजनाशी जुळवलेलं असतं. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, यावरून ७० ग्रेन किती थोडे ते कळेल. काळ्या दारूच्या जागी वापरतात त्या पर्यायी दारू वजनाला हलक्या असतात. पायरोडेक्स त्याच मापाने घेतात, वजनाने नाही. ट्रिपल सेव्हन जास्त जोरकस आहे, बनवणारेच माप सुमारे १५ टक्के कमी करायला सांगतात. म्हणून या पर्यायी दारूचे "७० ग्रेन" तराजूवर तोललेत तर नळीत भलतंच काही जाईल.

चाचणीसाठी मी घरीच मापाने भरून, वर सपाट करून, झाकणाच्या छोट्या नळ्यांमध्ये एकेक बार ठेवतो. रेंजवर मोजामोज नाही. दारूच्या डब्यातून थेट नळीत तर कधीच ओतू नका. आत एखादी ठिणगी राहिली असेल तर हातातला अख्खा डबा पेटेल.

एकच_माशी
ठासणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हीच शिस्त असते. बार आधीच वेगवेगळ्या छोट्या झाकणाच्या नळ्यांत भरून आणायचे. तीस मिनिटांत तेरा गोळ्या आणि त्यातल्या उत्तम दहा धरतात. पुसणं, भरणं, नेम धरणं, सगळं त्या तीस मिनिटांत. तेरांचा सराव करा धूरलोट, हाताला लय येते. ती लय बिघडली की गट बिघडतो.

बाकाबद्दलही थोडं. रायफल वाळूच्या पिशवीवर दर वेळी दस्त्याच्या त्याच जागी टेकवा. नळी उशीवर टेकवू नका, गोळी वर जाते. नळी दस्त्याला धरून ठेवणारी पाचर सैल नाही ना, हे बार सुरू करण्याआधी बघा. माझी एक पूर्ण सकाळ या पाचरीने खाल्ली होती. आणि उन्हाकडे लक्ष द्या. माशी (नळीच्या टोकाचा नेमाचा खुंट) पितळी असेल तर ऊन ज्या बाजूने येतं ती बाजू चमकते, डोळा त्या चमकेलाच मध्य समजतो आणि गोळी उलट बाजूला जाते. मी माशी काजळीने काळी करून घेतो.

नेमपट्टीला (नेम सरकवायच्या मागच्या पट्टीला) मात्र इतक्यात हात लावू नका. गट कुठे पडतोय हे आज महत्त्वाचं नाही. आधी तो लहान करा, मग सरकवा.

तापलेली_नळी
एक राहिलं. मापं ५०, ६०, ७० अशी क्रमाने मारू नका. शेवटचं माप येईपर्यंत ऊन बदलतं, डोळा थकतो, खांदा थकतो. ९० चा गट मोठा आला तो ९० मुळे की थकव्यामुळे, सांगता येणार नाही. शेजारी-शेजारी तीन कागद लावा. एक बार ६० चा, एक ७० चा, एक ८० चा, पुन्हा ६०. जे काही बिघडेल ते तिघांच्या वाट्याला सारखं येईल.

कोरी_पाटी
आणि घोडा पडला, पण बार उडालाच नाही तर?

जुना_गज
नळी निशाणाकडेच धरून किमान एक मिनिट थांबा, रेंजचा नियम जास्त सांगत असेल तर तितकं. बार उशिराही उडतो. मग नवी केप. तरी नाही उडाला तर निपलमध्ये बारीक तार फिरवा आणि पुन्हा केप. डोकं, हात, काहीही नळीच्या तोंडासमोर न्यायचं नाही. आणि डोळ्यांवर चष्मा नेहमीच, केपेचे तुकडे उडतात.

धूरलोट
मंडळी, पाच रविवार झाले. तुम्ही सांगितलेलं एकेक करून बघितलं, एका वेळी एकच गोष्ट बदलून.

पहिल्या रविवारी फक्त पॅच गोळा केले. सुईदोराताई, ७० ला मधोमध भोक आणि ८० ला तर नुसती जळकी कडी हातात आली. माझं कापड दाबून मोजलं तर .०१२! मग धुतलेलं .०१८ चं कापड घेतलं. गोळी तोंडाशी बसवायला आता छोट्या दांड्यावर एक थाप मारावी लागते, पण त्यानंतर गज सरळ जातो. पॅच अखंड येऊ लागले. नळी प्रत्येक बारानंतर पुसली आणि गजावर खूण केली.

मग तीन कागद शेजारी लावून आलटून पालटून, प्रत्येकावर दहा गोळ्या. दोन दिवसांत विभागून मारल्या. ६० चा गट अडीच इंच, ७० चा पावणेतीन, ८० चा साडेतीन. मध्यापासूनची सरासरी ६० ला पाऊण इंच आणि ७० ला जवळजवळ तितकीच. म्हणजे ज्या ७० साठी मी हा धागा काढला त्यात आणि ६० मध्ये काही फरकच नव्हता. दहा गोळ्यांचा अडीच इंच आला तेव्हा मला त्या पहिल्या एका इंचापेक्षा जास्त आनंद झाला, कारण पुढच्या रविवारी तो पुन्हा आला.

६० ठरवलं. आता १०० यार्डांवर जायचंय.

सरासरी
मनापासून अभिनंदन. कागद जपून ठेवा.

एकच_माशी
१०० वर वाऱ्याचा अंदाज आधी घ्या. गोल गोळी वेग फार लवकर टाकते. १०० यार्डांपर्यंत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेग गेलेला असतो, आणि मंद आडव्या वाऱ्यातही ती काही इंच सरकते. ५० वर जे जाणवलंच नाही ते तिथे दिसेल. झेंडी बघून मारा, शक्यतो वारा एकसारखा असतानाच.

रानवाट
धूरलोट, पहिल्या गोळीचा कागद केलात का? मी केलाय. सहा झाल्या.

धूरलोट
केलाय, पाच आहेत. चार गोळ्या दोन इंचांत. पाचवी त्यांच्यापासून चार इंच वर. ती तिसऱ्या रविवारची. सरासरी यांच्या हिशेबात तीही धरायचीच, पण कारण सापडत नाही. पॅच, माप, खूण, सगळं वहीत आहे आणि सगळं सारखं आहे.

रानवाट
त्या दिवशी भरण्याआधी नळीतलं तेल पुसलं होतं? आणि नुसत्या केपा फोडून निपलची वाट कोरडी केली होती? मी कोरडा पॅच घालतो, मग रिकाम्या नळीचं तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याकडे धरून दोन केपा फोडतो. पातं हललं तर वाट मोकळी. तेल राहिलं की माझीही पहिली गोळी भलतीकडेच जाते.

धूरलोट
वही बघितली. बाकीच्या चारही दिवशी "केपा २" असं लिहिलंय. त्या दिवशी ती जागा कोरी आहे.